कर्जतचा घाट खोलीत कसा आणायचा?

मॉडेल रेल्वे म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो गोल रूळ, मधला डोंगर, त्यातला बोगदा आणि पलीकडचं एक टुमदार स्टेशन. गाडी बोगद्यात शिरते, बाहेर येते, स्टेशनवरून जाते, पुन्हा बोगद्यात शिरते. पहिली दहा मिनिटं मजा येते. मग जाणवतं की ही गाडी कुठेच जात नाही. तिला कुणाला पोहोचवायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही, आणि उशीर तर तिला होऊच शकत नाही.

ज्यांना हा छंद कायमचा लागतो त्यांच्यापुढे कधी ना कधी एक प्रश्न येतो: माझ्या गाडीला काम काय? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की लेआउट, म्हणजे रूळ, डोंगर, स्टेशनं, तारा, सिग्नल असा सगळा मांड, वेगळ्याच पद्धतीने आखला जातो. माझं मत ठाम आहे. खरेपणा झाडांच्या पानांत किंवा डब्याच्या रंगात नंतर येतो, आधी तो गाडीच्या कामात असावा लागतो. नुसत्या उघड्या प्लायवूडवर चालणारी गाडीसुद्धा खरी वाटते, जर ती का थांबली हे बघणाऱ्याला कळत असेल.

दिखाऊ लेआउट कमी प्रतीचे असतात असं मला म्हणायचं नाही. हॅम्बुर्गचं मिनिआटूर वुंडरलँड २००१ पासून १:८७ प्रमाणात अख्खे देश उभे करतंय आणि तिथल्या गाड्या संगणक चालवतो. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, ते पाहून कित्येक मुलांना या छंदाची गोडी लागली. पण ते लेआउट बघण्यासाठी आहेत. इथे बोलायचंय ते चालवण्याच्या लेआउटबद्दल. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सच्या फ्रँक एलिसन यांनी १९४०च्या दशकात ही दिशा दाखवली. त्यांच्या मते लेआउट हा रंगमंच, गाड्या ही पात्रं आणि वेळापत्रक हे कथानक.

आपण कथानक घेऊ या कर्जत ते लोणावळा.

आधी काम, मग रूळ

बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. कर्जत मुंबईपासून साधारण १०० किलोमीटरवर, लोणावळा १२८ वर. मधल्या २८ किलोमीटरमध्ये गाडी सुमारे साडेपाचशे मीटर वर चढते. सगळ्यात तीव्र चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रस्त्याने जाणाऱ्याला हा चढ किरकोळ वाटेल, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असताना तो भयंकर असतो. २४ डब्यांची भरलेली गाडी हजार-बाराशे टनांची. या चढावर फक्त गुरुत्वाकर्षणाशी झुंजायलाच तीसेक टनांची ओढ लागते, आणि एक इंजिन चाक न घसरता जास्तीत जास्त जेवढं ओढू शकतं ते याच्या जेमतेम आसपास असतं. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर लागतात, बहुधा दोन किंवा तीन इंजिनं, आणि ती गाडीला वर ढकलतात. मागून ढकलण्याचा दुसराही फायदा आहे. सगळा ताण पुढच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांधणीवर, येत नाही, आणि मध्येच कपलिंग तुटलं तरी मागचे डबे घाटाखाली सुटत नाहीत.

गाडी कर्जतला का थांबते, हे या मार्गाने जाणारा प्रत्येक प्रवासी जाणतो. बँकर लागेपर्यंत वडापाव खाऊन होतो. मॉडेल करणाऱ्याच्या नजरेने बघा, इथे किती काम आहे! गाडी आली, थांबली. बँकर शेडच्या बाजूने निघून गाडीच्या शेपटाशी आले, जोडले गेले, ब्रेकची तपासणी झाली. पुढच्या सिग्नल कॅबिनने रस्ता दिला आणि गाडी सुटली. लोणावळ्याला बँकर सुटले, आणि आता ती रिकामी इंजिनं पुन्हा कर्जतला उतरवायची, त्यांनाही रस्ता लागतोच. मुंबईहून आलेली लोकल कर्जतलाच संपते, तिला परत फिरवायचंय. खोपोलीची लोकल घाटाच्या दिशेने निघून पळसदरीपर्यंत जाते आणि तिथे वेगळी होते. वरून येणाऱ्या गाड्या उतारावर ब्रेक तपासत, थांबत थांबत येतात. ब्रेक निकामी झालेली गाडी अडवायला घाटात कॅच सायडिंग आहेत, चढणीवर वळवलेले रूळ. एवढं सगळं एका स्टेशनाभोवती आहे, आणि त्यातलं काहीही कल्पनेतून आणावं लागत नाही.

आता कागद घ्यायचा आणि रूळ नव्हे, तर ही कामं लिहायची. प्रत्येक कामाला किती रूळ लागतो ते त्यापुढे. बँकर उभे राहायला एक रूळ. बँकर गाडीमागे येताना दुसरी गाडी अडू नये म्हणून शंटिंगला वेगळा तुकडा, रेल्वेत त्याला शंटिंग नेक म्हणतात. लोकलला एक रूळ, वर जाणाऱ्या गाडीला एक, उतरणाऱ्या गाडीला एक. एवढ्यावर कर्जतचं काम चालतं. खऱ्या कर्जतमध्ये याहून कितीतरी जास्त रूळ आहेत, ते गाळले तरी चालेल. बँकरचा रूळ मात्र गाळता येणार नाही.

खोलीचा हिशेब

घरातली एक खोली धरू, १२ फूट बाय १० फूट, म्हणजे ३.६५ मीटर बाय ३.०५ मीटर. जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. या प्रमाणात कर्जत-लोणावळा मार्ग किती लांब होईल? ३२२ मीटर. आणि लोणावळा कर्जतच्या सहा मीटरांहून जास्त वर असेल, म्हणजे वरच्या मजल्याच्याही छताशी. खरा घाट कुणाच्याच खोलीत मावत नाही.

तेव्हा कापायचंच आहे, प्रश्न फक्त काय कापायचं हा. भिंतींच्या कडेने फिरवला तर आपल्याला जेमतेम दहा मीटर मार्ग मिळतो. यात कर्जत, पळसदरी, जामरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा, लोणावळा हे सगळं कोंबलं तर प्रत्येक स्टेशन पुढच्याला चिकटेल, आणि गाडीचं इंजिन एका स्टेशनात नि शेपूट दुसऱ्यात असा प्रकार होईल. हा मोह फार बळकट असतो आणि बहुतेक लेआउट त्यातच बिघडतात. मी दोनच जागा ठेवीन: कर्जत, आणि मंकी हिलच्या आसपासचा घाटाचा एक तुकडा. लोणावळा दिसणारच नाही, फक्त असेल. ते कसं, ते पुढे.

गाडीची लांबी बघू. जुन्या निळ्या पद्धतीचा आयसीएफ (चेन्नईच्या डबा कारखान्याच्या रचनेचा) डबा बफरसकट २२ मीटरांहून थोडा जास्त, १:८७ मध्ये साडेपंचवीस सेंटिमीटर. चोवीस डबे आणि इंजिन मिळून साडेसहा मीटरच्या घरात जातात. खोलीची लांब भिंतही एवढी नाही. आता वळणं धरा. भारतीय ब्रॉडगेजवर सगळ्यात तीव्र वळण १० अंशांचं, त्याची त्रिज्या १७५ मीटर. मॉडेलमध्ये ती दोन मीटर होते. म्हणजे खऱ्या रेल्वेचं सगळ्यात वाईट वळणसुद्धा आपल्या खोलीत मावत नाही. छंदातला अनुभवाचा नियम असा: त्रिज्या निदान सगळ्यात लांब डब्याच्या तिप्पट हवी. आपल्याला म्हणून ७७ सेंटिमीटर लागतात. याहून आवळलं तर गाडी चालतेही, पण लांब डब्यांचे कोपरे बाहेर येतात आणि एकमेकांना घासू लागतात.

मग लांब भिंतीवर सरळ रूळ किती उरला? दोन्ही कोपरे ७७-७७ सेंटिमीटर खातात, उरतात २ मीटर १० सेंटिमीटर. नवशिक्यांच्या आराखड्यात हा आकडा सहसा नसतो. ते भिंतीची लांबी मोजतात, कोपरे विसरतात. एवढ्या जागेत सहा डबे, एक इंजिन आणि एक बँकर बसतो, त्यांची मिळून लांबी दोन मीटर. सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे पॉइंट, मग वळणातच घ्यावे लागतात. वळणातले सांधे मिळतात, पण महाग असतात आणि नीट बसवायला मेहनत लागते.

चोवीस डब्यांच्या जागी सहा, आणि दोन-तीन बँकरच्या जागी एक. मला ही तडजोड पटते, कारण प्रमाण टिकलं. सहा डब्यांना दोन बँकर लावले असते तर गाडी इंजिनांची वाटली असती. ज्यांना लांब गाडीच हवी त्यांनी १:१६०, म्हणजे एन प्रमाण घ्यावं. तिथे तोच डबा चौदा सेंटिमीटरचा आणि त्याच खोलीत गाडी जवळपास दुप्पट डब्यांची होते. मात्र डबे इतके हलके असतात की रूळ बसवण्यातली छोटी चूकही महागात पडते.

भारतीय रेल्वे करणाऱ्यांपुढे एक खास अडचण असते. जगभरचं एचओ सामान १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), म्हणजे १६.५ मिलिमीटर रुळासाठी बनतं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. १:८७ मध्ये ते १९.३ मिलिमीटर व्हायला हवं. इंग्लंडमध्ये चालणाऱ्या १:७६ प्रमाणात ते बरोबर २२ मिलिमीटर येतं, आणि काही जिद्दी लोक रूळ हाताने तेवढे रुंद बनवतातही. बाकीचे १६.५ वरच भारतीय डबे चालवतात. समोरून पाहिलं तर डबा रुळाच्या मानाने रुंद दिसतो, बाजूने कळत नाही. पहिल्या लेआउटला मी १६.५ च घ्यायला सांगेन. सगळे सांधे हाताने बनवायला लागलात तर गाडी धावायला वर्षं लागतील आणि मधेच उत्साह आटेल.

चढ, आणि खरोखर लागणारा बँकर

स्टेशन सोडून चढायला सात मीटर मिळाले असं धरू. ३७ला १ ने गाडी १९ सेंटिमीटर चढेल. सव्वासहा मीटरच्या जागी १९ सेंटिमीटर! इथे एक युक्ती कामाला येते: गाडी जेवढी वर जात नाही तेवढी जमीन खाली न्यायची. घाटाच्या तुकड्यात रुळाखालचा पाटा सपाट ठेवायचा नाही. रुळाच्या कडेने दरी थेट खाली, चौकटीच्याही खाली उतरवायची. त्यासाठी चौकट उघडी हवी, लाकडी पट्ट्यांची जाळी, वर सलग प्लायवूड नको. रुळाखाली फक्त रुळाच्या रुंदीची पट्टी असते, ती खुंट्यांवर उचललेली. पन्नास सेंटिमीटरची दरी समोर असली की १९ सेंटिमीटरचा चढ डोळ्याला घाट वाटतो. शिवाय रूळ कमरेच्या उंचीवर नको, छातीच्या आसपास हवा, जमिनीपासून सव्वा मीटरवर. गाडी वरून बघितली की खेळणं दिसते, खालून बघितली की रेल्वे.

चढाची सुरुवात आणि शेवट एकदम करता येत नाही. सपाट रुळावरून थेट ३७ला १ वर गेलं तर लांब इंजिनाची मधली चाकं अधांतरी होतात किंवा कपलिंग वरखाली होऊन सुटतं. डब्याच्या दोन-तीन लांबीभर चढ हळूहळू वाढवावा लागतो. वळणाचंही तसंच, सरळातून वळणात जाताना त्रिज्या हळूहळू कमी करायची. खरी रेल्वे दोन्ही करते.

वळणावरचा चढ मोजलेल्यापेक्षा जड असतो. ७७ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण साधारण एक टक्का जादा चढाएवढं ओढतं. आपला २.७ टक्क्यांचा चढ वळणात पावणेचार टक्क्यांसारखा वागतो.

आता मला या सगळ्यात सर्वात आवडणारा प्रश्न. मॉडेलमध्ये बँकर खरंच लागतो का? हिशेब करू. अमेरिकेतली छंदिष्टांची जुनी संस्था एनएमआरए डब्यांच्या वजनाचा नियम देते. दहा इंची एचओ डब्याला ६ औंस, म्हणजे १७० ग्रॅम. आपले सहा डबे झाले १ किलो २० ग्रॅम. चढावर गुरुत्वाकर्षण मागे ओढतं २८ ग्रॅमने, चाकांचं घर्षण वीसेक ग्रॅम, वळण दहाएक. एकूण साठच्या आसपास, अधिक इंजिनाला स्वतःचं वजन वर न्यायचंय. चांगलं इंजिन ४०० ग्रॅमचं असतं आणि आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं, म्हणजे ८० ग्रॅम ओढतं. सत्तरेक ग्रॅमचं काम आणि ऐंशीची ताकद, म्हणजे ते एकटंच चढेल. बँकर नुसता शोभेचा!

इथे बरेच जण थांबतात आणि शोभेचा बँकर लावून मोकळे होतात. मी म्हणतो, पुढच्या इंजिनातली वजनं काढा. २५० ग्रॅमचं इंजिन ५० ग्रॅम ओढेल, आणि त्याला पासष्टएक लागतील. ते चढणीवर चाकं फिरवत उभं राहील. बँकरमध्ये मात्र शिसं भरा. मग कर्जतला बँकर जोडायला विसरलात तर गाडी घाटात अडकते आणि सगळी वाहतूक तुंबते. हा खरेपणा रंगाने येत नाही. लेआउटवरच्या माणसाला घाटाची भीती वाटली पाहिजे, ती इथून येते.

मागून ढकलण्यात धोकाही आहे. बँकर पुढच्या इंजिनापेक्षा जोरात धावू लागला तर मधले डबे वळणावर बाहेर फेकले जातात. तो मागे पडला तर त्याचंही वजन पुढच्याला ओढावं लागतं, आणि तीव्र वळणावर हलका डबा आतल्या बाजूला कलंडतो. दोघांचा वेग जुळला पाहिजे. हे काम विजेचं आहे.

जुन्या पद्धतीत रुळांतूनच ० ते १२ व्होल्टपर्यंत वीज कमी-जास्त करून गाडीचा वेग ठरतो. अशा रुळावरची सगळी इंजिनं एकदम धावतात, म्हणून रुळाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळं बटण द्यावं लागतं. बँकर असलेल्या लेआउटला डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, पद्धत हवी. जर्मनीच्या लेन्त्स कंपनीच्या तंत्रावर एनएमआरएने १९९०च्या दशकात तिचं प्रमाण ठरवलं. यात रुळांत कायम पूर्ण वीज असते आणि त्या विजेतच आज्ञा जातात. प्रत्येक इंजिनात एक छोटा डिकोडर बसवलेला असतो, त्याला स्वतःचा क्रमांक असतो. क्रमांक ७ ला आज्ञा दिली की फक्त सातवं इंजिन हलतं. डिकोडरमध्ये प्रत्येक टप्प्याला किती वेग हे ठरवता येतं, म्हणून दोन वेगळ्या जातीची इंजिनं बरोबरीने चालवता येतात. एक बारकावा लक्षात ठेवा. डिकोडर मोटरचा वेग मोजून तो स्थिर ठेवायला धडपडतो. एकाच गाडीतल्या दोन इंजिनांत ही धडपड जोरात असली तर ती एकमेकांशी झगडतात. बँकरमध्ये ती सौम्य करून ठेवा.

तारांबद्दल एकच सांगतो. रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या क्लिपांवर विजेसाठी विसंबू नका. चौकटीखालून जाड तारांची जोडी न्या आणि दर मीटर-दीड मीटरला बारीक तार काढून रुळाला डाख द्या. कोकणाजवळच्या दमट हवेत क्लिपा एका पावसाळ्यात काळ्या पडतात. त्याच हवेत प्लायवूड फुगतं, म्हणून कडा आणि खालची बाजूही रंगवून बंद करा, फक्त वरची नाही.

न दिसणारं लोणावळा

दोनच जागा दाखवायच्या तर मुंबई आणि पुणे कुठे? पडद्यामागे. इंग्लंडमध्ये त्याला फिडल यार्ड म्हणतात. कर्जतच्या खाली, लेआउटच्या पोटात समांतर रुळांचं एक लपवलेलं यार्ड असतं, तिथे गाड्या आपली पाळी येईपर्यंत उभ्या राहतात. मुंबईकडून येणारी गाडी इथूनच निघते. दुसऱ्या टोकाला मंकी हिलनंतरच्या बोगद्यात गाडी शिरली की ती लोणावळ्याला, म्हणजे दुसऱ्या लपलेल्या यार्डात पोहोचते. बोरघाटात पंचवीसहून जास्त बोगदे आहेत, तेव्हा बोगद्यात गाडी नाहीशी होणं इथे अगदी स्वाभाविक. एवढ्या सोयीचा मार्ग शोधूनही सापडणार नाही.

या यार्डांवर हात आखडू नका. दिसणाऱ्या स्टेशनात तीन रूळ असतील तर लपलेल्या यार्डांत मिळून आठ-दहा हवेत. तिथे हात पोहोचला पाहिजे, गाडी घसरली तर कळलं पाहिजे, आणि साठ सेंटिमीटरपेक्षा आत रूळ नसावा. लपलेले रूळ लोक घाईने टाकतात आणि नेमके तिथेच सगळे अपघात होतात.

डोंगराबद्दल थोडक्यात. सह्याद्रीचा कातळ आडव्या थरांचा आहे, लाव्हाच्या थरांवर थर. परदेशी साच्यांतले उभे, टोकदार खडक इथे परके दिसतात. थर्माकोलचे आडवे तुकडे एकावर एक रचून, कडा तोडून त्यावर प्लास्टर दिलं की सह्याद्रीच्या पायऱ्या येतात. आणि ऋतू एकच ठरवा. मे महिन्यातला तपकिरी, वाळक्या गवताचा घाट आणि ऑगस्टमधला हिरवा, धबधब्यांचा घाट ही दोन वेगळी गावं आहेत.

एक संध्याकाळ चालवायची

लेआउट तयार झाला. आता चार माणसं लागतात: सेक्शन कंट्रोलर, कर्जतचा स्टेशन मास्तर, एक लोको पायलट गाडीवर, एक बँकरवर. कंट्रोलरला लेआउट दिसता कामा नये, तो दुसऱ्या खोलीत बसलेला बरा. त्याच्यापुढे असतो चार्ट. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. जलद गाडीची रेघ उभट, मालगाडीची आडवट. दोन रेघा कुठे छेदतात ते आधीच दिसतं, आणि एकाच रुळावर छेदत असतील तर कुणाला थांबवायचं ते ठरवावं लागतं. खऱ्या कंट्रोल ऑफिसमध्ये असाच चार्ट चालतो. खरं तर लेआउट बांधण्याआधीच हा चार्ट काढून पाहावा. कागदावर ज्या गाड्या एकमेकींना अडवतात त्यांच्यासाठी कुठे एक लूप, म्हणजे गाडी बाजूला थांबवायचा रूळ, कमी आहे, हे लाकूड कापण्याआधी कळतं.

दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका रुळावर एका वेळी एकच गाडी, हा साधा नियम. स्टेशन मास्तर पुढच्या कॅबिनकडे लाईन क्लिअर, म्हणजे त्या तुकड्यात गाडी पाठवायची परवानगी, मागतो. भारतीय रेल्वेत असे निरोप पक्के करताना दोघं आपापल्या गुप्त यादीतला खाजगी क्रमांक सांगतात आणि लिहून ठेवतात, म्हणजे पुढे 'मी हो म्हटलंच नव्हतं' असं कुणी म्हणू शकत नाही. हे लेआउटवर आणा. दोन छापील याद्या आणि दोन वह्या एवढाच खर्च, पण खेळणाऱ्यांचा सूरच बदलतो. कुणी गाडी दामटत नाही, सगळे विचारून हलतात.

वेगाकडे लक्ष द्या. ताशी ४० किलोमीटर म्हणजे १:८७ मध्ये सेकंदाला जेमतेम तेरा सेंटिमीटर. आपला दहा मीटरचा मार्ग पार करायला सव्वा मिनिट लागायला हवं. बहुतेक लोक याच्या तिप्पट वेगाने चालवतात आणि मग लेआउट लहान वाटतो. मार्ग आखूड झाल्यामुळे वेळही आखूड करायला जलद घड्याळ वापरतात, खऱ्या एका मिनिटात सहा मिनिटं. अख्खा दिवस चार तासांत संपतो. पण बँकर जोडायला जी तीन मिनिटं लागतात ती तीनच राहतात, आणि घड्याळात अठरा होतात. म्हणून जिथे शंटिंग जास्त तिथे घड्याळ चौपटच ठेवा.

काळ कोणता निवडता यावर सगळा खेळ अवलंबून आहे. आजचा काळ घेतला तर वंदे भारतही येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली सोलापूरची वंदे भारत बँकरशिवायच घाट चढते, कारण तिच्या डब्यांखालीच मोटरी आहेत. ती कर्जतला थांबलेल्या गाडीला मागे टाकून जाते तेव्हा फरक डोळ्यांना दिसतो. पण आजच्या मालगाड्या पूर्ण रेकच्या असतात, एकच माल, एकच ठिकाण. सुटे वॅगन वेगवेगळ्या धक्क्यांवर पोहोचवण्याचं काम हवं असेल तर १९७०च्या दशकात जा. तेव्हाची रेल्वे एकेक वॅगन बुक करत होती. या कामासाठी अमेरिकेत १९६०च्या दशकापासून रुळलेली पद्धत सोपी आहे. प्रत्येक वॅगनचं एक कार्ड, त्याला खिसा. खिशात चिठ्ठी: कुठून, कुठे, काय माल. चिठ्ठीच्या चार बाजूंवर चार प्रवास. एक प्रवास झाला की चिठ्ठी उलटायची, आणि पुढच्या वेळी तोच वॅगन वेगळ्या ठिकाणी जातो.

आणि जागा फारच कमी असेल तर १९२९ पूर्वीचा काळ घ्या. तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी एका टोकाने येऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. त्या काळच्या इंजिनिअरांनी डोंगरात जागा नव्हती म्हणून जे केलं ते खोलीत जागा नसणाऱ्यालाही उपयोगी पडतं. त्याच भिंतीवर गाडी दोनदा चढते आणि प्रत्येक गाडीला इंजिन फिरवण्याचं काम मिळतं.

खोलीच नसेल तर

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये रिकामी खोली कुणाला मिळते? तिथे इंग्लंडच्या ॲलन राइट यांनी बनवलेलं इंगलनूक कोडं घ्या. दोन सांधे, तीन रूळ. एका रुळावर पाच वॅगन मावतात, दुसऱ्या दोन रुळांवर तीन-तीन, आणि शंटिंग नेकवर इंजिनासह तीन. एकूण वॅगन आठ. कार्डं पिसून पाच काढायची, आणि त्याच क्रमाने ते पाच वॅगन लांब रुळावर लावायचे. शक्य क्रम ६,७२० आहेत, तेव्हा खेळ लवकर जुना होत नाही. जुने चारचाकी वॅगन एचओमध्ये दहाएक सेंटिमीटरचे असतात, त्यामुळे हे सगळं सव्वा-दीड मीटरच्या फळीवर बसतं आणि काम झालं की पलंगाखाली जातं. फळी बनवताना टोकाला रूळ थेट कडेपर्यंत न्या आणि चौकटीला बोल्टची भोकं ठेवा. पुढे कधी खोली मिळाली तर हीच फळी कर्जतच्या मालधक्क्याच्या जागी जोडता येते.